सोळा किलोची हाक

नामपूर, ता. बागलाण
१२ जानेवारी २०२५

चि. सोळा किलो हिला
नामपूरच्या वजनकाट्यावरून मामाचे भरघोस आशीर्वाद.

काल तुझ्या आईशी फोनवर बोललो. ती म्हणे, सायली दर बुधवारी आणि रविवारी कुठल्याशा गटाबरोबर रानात जाते, तण काढते, झाडांना पाणी घालते आणि पक्षी मोजते. मी म्हटलं, सुवर्णा, पोरगी आजारातून उठलीय की रोजंदारीला लागलीय? तर म्हणे, "दादा, तो उपचाराचा भाग आहे." अगं, निंदणी हा जर उपचार असता तर आमच्या नामपुरात कोणी आजारीच पडलं नसतं!

मी बाजार समितीत तीस वर्षं मापारी होतो. कांद्याची गोणी लांबून बघून वजन सांगायचो, अर्ध्या किलोचा फरक नाय. माणसांचंही तसंच. कोण खरं आणि कोण खोटं ते मला चेहऱ्यावरून कळतं. तेव्हा मला सांग, ती जमीन कोणाची? भाजी कोण घरी नेतं? तुम्हाला पाणी पाजायला लावून तिथं खाटेवर कोण बसतं? सगळं लिही, मी तोलून बघतो.

त्यापेक्षा इकडे ये. मामीच्या हातची कळण्याची भाकरी खा, वर ठेचा. डोक्यातले आवाज काय, डोक्याचे केससुद्धा सरळ होतील.

फोन तू आईकडे ठेवतेस हे मला लय आवडलं. मला पत्रं लिहायला मिळतात. पण एक लक्षात ठेव. ते आवाज परत आले तर लपवायचं नाय. आपल्या मामाभाचीत कधी लपवाछपवी झाली नाही आणि होणार नाही.

तुझा,
सावळीराममामा

ता. क. : सायली, मनावर घेऊ नको. आमचा दूधवाला सहा महिने दुधात पाणी घालत होता, ते यांना चेहऱ्यावरून कळलं नाही. तू बरी आहेस ना? – चतुरामामी


नाशिक
१८ जानेवारी २०२५

ती. मामा,
तुम्हाला नमस्कार, आणि मामीला त्याहून थोडा मोठा.

आधी एक विनंती. पाकिटावर 'सोळा किलो' लिहू नका. पोस्टमनकाका आईला म्हणाले, "ताई, पत्र आलं, पण पार्सल कुठाय?" मी पाच वर्षांची असताना तुम्ही मला कांद्याच्या काट्यावर बसवलंत, काटा सोळावर थांबला आणि नाव चिकटलं. जगात तुमच्याशिवाय मला कोणी अशी हाक मारत नाही. ते आपल्या दोघांतच राहू द्या.

आता तुमची उलटतपासणी. जमीन वत्सलाबाईंची. मखमलाबादच्या पुढे पाण्याची टाकी आहे, तिथून डावीकडे त्यांचा मळा. झेंडू, मेथी, शेपू करतात आणि रोज पहाटे बाजारात नेतात. मळ्याचा एक कोपरा आणि वरची टेकडी त्यांनी आम्हाला दिलीय. कोपऱ्यातली भाजी आम्हीच घरी नेतो. खाटेवर कोणी बसत नाही, कारण खाट नाही. वत्सलाबाई आमच्याबरोबर उन्हात असतात आणि ओरडतात, "डोकं आजारी होतं ना रे तुमचं? मग हाताला काय झालं?" मामा, सगळे माझ्याशी वर्षभर मऊ मऊ बोलत होते. पहिल्यांदा कोणीतरी नीट ओरडलं. इतकं बरं वाटलं!

आम्ही सात जण आहोत, सगळे विशी-पंचविशीतले, सगळ्यांचा आजार एकच. डॉक्टर मॅडम त्याला सायकोसिस म्हणतात. राजला वाटायचं, इथल्या द्वारका चौकाची सगळी वाहतूक त्याच्या मनानं चालते. आता तोच म्हणतो, "ती कोणाच्याच मनानं चालत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं." मनोज कच्ची मेथी खातो आणि वाफा विरळ करतो. दीपमाला रोपांशी बोलते. म्हणते, "हे आजाराचं नाही हं, हे माझं आधीपासूनचंय." आम्हाला घेऊन जातात त्या भाग्यश्रीताई. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, गोळ्या घरी चालूच राहणार, इथं फक्त हातपाय आणि कान चालवायचे.

इथले नियम दोन. पहिला, काही ऐकू आलं, दिसलं आणि शंका वाटली तर शेजाऱ्याला विचारायचं, "तुलापण?" परवा मोर केकाटला तर राजनं घाबरून विचारलं, "तुलापण?" आम्ही सहाही जण एकदम ओरडलो, "आम्हालापण!" दुसरा नियम, नातेवाईकांना बंदी. कारण नातेवाईक आम्ही घास कसा चावतो तेसुद्धा बघत बसतात.

शेवटची वीस मिनिटं मला सगळ्यात आवडतात. प्रत्येकानं टेकडीवर वेगळ्या झाडाखाली बसायचं, अजिबात बोलायचं नाही आणि जे ऐकू येईल ते वहीत लिहायचं. त्याला आम्ही 'ऐकायची वही' म्हणतो. मग खाली येऊन वाचायचं. ज्या कानांनी मला इतकं छळलं त्यांच्याशी आता जरा बरं चाललंय.

आणि महत्त्वाचं. १८ फेब्रुवारीला माझी डॉक्टर मॅडमकडे तारीख आहे. तोवर सगळं ठीक राहिलं तर त्या कॉलेजसाठी चिठ्ठी देतील आणि जूनपासून माझं नर्सिंगचं दुसरं वर्ष परत सुरू होईल. मामा, मला दुसरं काही नको. एवढी एक चिठ्ठी.

तुमची,
सायली


नामपूर
२५ जानेवारी २०२५

चि. सायलीला आशीर्वाद. (बघ, पाकिटावर पूर्ण नाव घातलंय.)

नातेवाईकांना बंदी? मी तीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. ज्या काट्यावर फडकं झाकलेलं असतं, त्या काट्यात खोट असते. अगं, चांगलं काम चाललंय तर लोकांना बघू द्या की! माझी भाची तिथं उन्हात बसून पाखरांच्या शिट्ट्या लिहून काढते आणि मामानं बघायचं नाय?

पण मी काही येणार नाही. गैरसमज नको. मला वेळच नाही. २ फेब्रुवारीला मला ओझरला लग्नाला जायचंय. लग्न मोठं आहे, दिवसभराचं.

चिठ्ठी तुला मिळणार म्हणजे मिळणार. तू नर्स झालीस की पहिलं इंजेक्शन मला दे, मी हूं की चूं करणार नाही.

तुझा,
मामा

ता. क. : ओझरला कोणाचं लग्न आहे ते मला कळलेलं नाही. पत्रिका आलेली नाही. शेजारचा काळू पिकअपमध्ये डाळिंबं घेऊन नाशिकच्या बाजारात जातो, त्याच्याबरोबर जाणार म्हणे. पांढरे कपडे मात्र दोनदा इस्त्री करून घेतलेत. – चतुरामामी


नाशिक
३ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

हे पत्र मी लिहितेय ते आईला माहीत नाही. तुम्हीही फोनवर काही बोलू नका.

काल रविवारी गटाला गेले होते. सकाळ फार छान गेली. मनोज चिखलात सपशेल बसला, मला हसू आवरेना, तर त्यानं माझ्या नाकाला चिखल लावला. मग वहीची वेळ झाली. मी करंजाखाली बसले. बुलबुल लिहिला, ट्रॅक्टर लिहिला. आणि मग कोणीतरी हाक मारली.

"सोळा किलो! ए सोळा किलो!"

आवाज तुमचा होता, मामा. जमिनीच्या पोटातून आल्यासारखा, घुमत. एकदा नाही, सात-आठ वेळा. मी मान वळवून बघितलं. सगळे आपापल्या झाडाखाली खाली माना घालून लिहीत होते. कोणी हललंसुद्धा नाही.

मग मला शिकवलेलं सगळं मी केलं. पाय जमिनीला टेकले, डोळ्यांसमोरच्या पाच वस्तू मोजल्या, श्वास लांब सोडला. आवाजाला मनातल्या मनात नीट सांगितलं, "मी आत्ता कामात आहे, तू नंतर ये." पूर्वी असं केलं की आवाज हळूहळू मागे सरायचे. हा चिडला. म्हणाला, "बहिरी झालीस का गं?"

खाली येऊन वाचन झालं. राजनं विमान वाचलं, दीपमालानं साळुंकी, भाग्यश्रीताईंनी वारा. ती हाक कोणीच वाचली नाही. मीही नाही. नियम होता, विचारायचं. तोंड उघडून "तुम्हालापण?" एवढं एकच विचारायचं होतं. माझी हिंमत झाली नाही. कारण सगळे "नाही" म्हणाले असते तर?

मामा, मला खूप भीती वाटतेय. तारखेला पंधरा दिवस राहिलेत.

तुमची,
सायली


नामपूर
७ फेब्रुवारी २०२५

चि. सायलीला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग गोठ्यात जाऊन परत वाचलं.

हे बघ, घाबरायचं काही कारण नाही. रानात वारा असतो. वारा काहीही बोलतो. आमच्या इथं तर वारा सुटला की पत्र्यातून अख्खं भाषण ऐकू येतं. शिवाय टेकडीवर आवाज घुमतात. कुठून कोणी काय ओरडलं, कोण सांगणार? तू म्हणतेस जमिनीतून आला. जमिनीत कशाला कोण असेल? कोणी नसणार. तिथं कोणी असण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि डॉक्टरीणबाईंना हे सांगायची गरज नाही. एकदाच तर झालं. परत काही होणार नाही याची मी खात्री देतो. कशी देतो ते विचारू नको, मामाची खात्री समज. तू गुमान जा, चिठ्ठी घे आणि ये.

ओझरचं लग्न छान झालं. जेवणात जिलबी होती. पंगतीतून उठताना माझा गुडघा मुरगळलाय म्हणून खाटेवरच आहे.

पत्राच्या चारही बाजूंनी लिहिलंय, कागदावर जागा उरलेली नाही. त्यामुळे तुझ्या मामीला या वेळी ता. क. लिहिता येणार नाही. ती दारात उभी आहे, पण जागा नाही त्याला मी काय करू. कळावे. मामा


नाशिक
११ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

तुमच्या पत्राचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. राग आला म्हणून सरळ लिहिते.

गेल्या खेपेला मी आठ महिने कोणाला सांगितलं नव्हतं. फोनमधल्या जाहिराती माझ्याबद्दल बोलतात, वर्गातल्या भिंतीमागून कोणीतरी माझ्या चुका मोजतंय, हे सगळं मी हसतमुखानं लपवलं. आईला वाटायचं पोरगी अभ्यास करतेय. शेवटी काय झालं ते तुम्हीच बघितलंत. मला गाडीत बसवताना तुम्ही माझा हात धरला होता आणि मी तुम्हालाच चावले होते. लपवलं की ते आत पोसतं, मामा. तुम्हीच जानेवारीत लिहिलं होतंत ना, लपवायचं नाय?

म्हणून मी ठरवलंय. १८ तारखेला डॉक्टर मॅडमना सगळं सांगणार. चिठ्ठी मिळणार नाही. गोळ्या वाढतील. कॉलेजचं अजून एक वर्ष जाईल. पण मी खोटं बोलून नर्स होणार नाही.

गटातही सध्या काय झालंय कळत नाही. सगळे गप्प गप्प असतात. मनोज मेथी खात नाही. राज सारखा कानात बोट घालतो. भाग्यश्रीताई तर दोन दिवस रजेवर होत्या. मला वाटतं माझाच चेहरा बघून सगळे हिरमुसलेत.

हसण्यासारखं एकच. वत्सलाबाईंच्या वरच्या शेततळ्यात परवा कोणाची तरी पांढरी टोपी आणि एक चप्पल सापडली. पाणी गुडघाभरच आहे, त्यांनी काठीनं सगळं ढवळून बघितलं, माणूस काही नव्हता. टोपी त्यांनी धुऊन बुजगावण्याला घातली. ते आता थेट तुमच्या बाजार समितीतलं वाटतं. मी त्याच्याकडे बघून थोडी रडले.

रागावू नका.
सायली


नामपूर
१५ फेब्रुवारी २०२५
(काळूच्या हाती. पोस्टावर भरवसा नाही, उद्या सकाळच्या आत तुझ्या हातात पडलं पाहिजे.)

सायली, माय,

ती टोपी माझी आहे.

घे. लिहिलं एकदाचं. तुझं पत्र काल आलं, तेव्हापासून घास गिळला नाही. तुझ्या मामीनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं काही नाही. तिनं पत्र हातातून काढून घेतलं, वाचलं, आणि एकच वाक्य बोलली, "पोरगी तेवीस वर्षांची आणि तिला जेवढी हिंमत, तेवढी तुम्हाला पासष्टाव्या वर्षी नाही." खरं आहे. म्हणून आता काय शे ते सगळं सांगतो.

ओझरला लग्न नव्हतं. जिलबीसुद्धा नव्हती. २ तारखेला काळूनं मला पाण्याच्या टाकीपाशी सोडलं. तुझ्या पत्रात पत्ता होताच. मी मळ्याला वळसा घालून टेकडीच्या मागून वर चढलो. म्हटलं लपून बघू, हे लोक माझ्या भाचीकडून काय राबवून घेतात. पांढरे कपडे घालून लपायला गेलो, ही माझी अक्कल.

घाणेरीच्या झुडपाआडून मी बघितलं. तू खाली वाफ्यात होतीस. एक पोरगा चिखलात पडला होता आणि तू हसत होतीस. अगं, पोट धरून हसत होतीस! तुझ्या नाकाला चिखल होता. दोन वर्षांत मी तुला असं हसताना बघितलं नव्हतं. हॉस्पिटलात तुझा चेहरा कसा पाटीसारखा कोरा झाला होता, ते मी अजून विसरलो नाही. माझे डोळे भरून आले, धड दिसेना. नीट बघावं म्हणून एक पाऊल पुढं टाकलं, आणि पुढं शेततळ्याचं प्लास्टिक होतं.

जो घसरलो तो थेट तळाला. पाणी गुडघ्याइतकंच, पण शेवाळ असं की वर चढायला जावं तर चार पावलं वर आणि सहा खाली. अर्धा तास तेच. एक चप्पल गेली, टोपी गेली. फोन काळूच्या गाडीत राहिला होता. मग ओरडावं असं ठरवलं. पण "वाचवा" म्हणून ओरडलो असतो तर वत्सलाबाई आल्या असत्या, तुझ्या ताई आल्या असत्या, सगळ्यांनी विचारलं असतं, आजोबा तुम्ही कोण? बंदी असताना चोरून आलेला मामा! तुझी मान खाली गेली असती. म्हणून डोकं चालवलं. अशी हाक मारायची की फक्त माझ्या भाचीला कळेल. "सोळा किलो! मी आठे शे! इथं तळ्यात!" असा कोकललो. तू येशील, गुपचूप दोर टाकशील, मी गुपचूप निघून जाईन.

तुम्ही सगळे तेव्हा मौनात बसला होतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही. कोणीच ओ देईना, तेव्हा मी चिडून तुला बहिरी म्हणालो. माफ कर. शेवटी शेळ्या वळणारी एक बाई आली. तिनं शेळीचा दोर टाकला आणि विचारलं, "बाबा, अंघोळीला आले होते का?" मी हो म्हटलं.

तेव्हा, सायली, हे नीट वाच. तुला भास झाला नाही. आवाज खरा होता, माणूस खरा होता, फक्त त्याची अक्कल खोटी होती. आणि तू चिठ्ठीवर पाणी सोडून खरं बोलायला निघालीस, तेव्हा मी माझी अब्रू झाकायला वाऱ्याच्या नावावर ढकललं. कांद्याच्या गोणीत मी कधी खडा घालू दिला नाही, आणि भाचीच्या मनात धोंडा घातला. याची मला लय लाज वाटते.

गुडघा सुजलाय म्हणून स्वतः येऊ शकत नाही. हे पत्र गटाला दाखव, डॉक्टरीणबाईंना दाखव, पाहिजे तर द्वारकेला चौकात वाचून दाखव. मापारी सही करतो ती काट्याची शपथ असते, तशी ही सही समज.

सावळीराम, निवृत्त मापारी

ता. क. : मी साक्षीदार. पायजमा अजून हिरवा आहे, तीनदा धुतला. – चतुरामामी


नाशिक
१८ फेब्रुवारी २०२५, दुपार

माझे ती. मामा,

तुमचं पत्र काळूदादानं रविवारी सकाळी सातला दिलं. मी ते जिन्यातच उभ्यानं वाचलं. मग जिन्यातच खाली बसले. आई धावत आली, तिला वाटलं मी रडतेय. मी रडत होतेच, पण मला हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम होत असल्यामुळे आवाज फार विचित्र निघत होता. आईनं पत्र वाचलं. ती म्हणाली, "दादाला फोन लाव, मी त्याला सोलते." मग तीही माझ्या शेजारी बसली.

मी पत्र घेऊन गटाला गेले. पण आधी ते वाचून दाखवलं नाही. सगळे वाफ्याशी जमले होते, तेव्हा मी उभी राहिले आणि पंधरा दिवसांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. "दोन तारखेला, वहीच्या वेळी, मला कोणीतरी हाक मारताना ऐकू आलं. सोळा किलो म्हणून. तुम्हालापण?"

मग राजनं हळूच आपली वही उघडून पुढे केली. 'विमान'च्या खाली एक ओळ इतकी खोडली होती की कागद फाटला होता. मनोजनं 'सोळा' असं लिहून त्याच्यावर फुलपाखराचं चित्र काढलं होतं. दीपमाला म्हणाली, "मला वाटलं रोपं उलट बोलायला लागली." मामा, सातही जणांनी ऐकलं होतं! आणि सातही जणांनी पाय टेकून, पाच वस्तू मोजून, श्वास सोडून तुम्हाला तळ्यात तसंच ठेवलं होतं. प्रत्येकाला वाटलं, आजार आपलाच परत आला. मनोजनं दोन आठवडे घरी कोणाशी शब्द काढला नव्हता. राज म्हणाला, "भास एवढे शिस्तीत कधी येत नाहीत, हे आपल्याला कळायला हवं होतं."

भाग्यश्रीताई लाल झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मीही ऐकलं. मला वाटलं कामाचा ताण झाला. दोन दिवस रजा काढून कान तपासून आले." आम्ही इतके हसलो की वत्सलाबाई विळा घेऊन आल्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "ऐकलं की! मी म्हटलं रस्त्यानं कोणी माल ओरडतोय. त्यात तुम्ही सगळी पोरं गप्प, मी कशाला बोलू?"

मग मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. घाणेरीच्या झुडपापर्यंत सगळे खो खो हसत होते. पण तुम्ही मला हसताना बघितलंत तिथं आले आणि मला पुढे वाचता येईना. पुढचं दीपमालानं वाचलं. मनोज म्हणाला, "माझ्याकडे असं झुडपाआडून बघायला कोणी आलं नाही." आणि मग त्यानं बऱ्याच दिवसांनी मेथी खाल्ली.

आज सकाळी डॉक्टर मॅडमकडे गेले. आधी हाकेचं सांगितलं, मग पत्र दिलं. त्या पत्र वाचताना टेबलावर डोकं टेकून हसल्या. मग चष्मा पुसून म्हणाल्या, "सायली, हे पत्र आलं नसतं तरी तू मला सांगायला येणार होतीस?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "मग ही चिठ्ठी त्या 'हो'साठी. आवाज खरा निघाला म्हणून नाही." गोळ्या आहेत तशाच राहतील. पुढेही कधी काही ऐकू आलं तर लगेच सांगायचं, मामाचा आवाज असला तरी.

मामा, चिठ्ठी माझ्यासमोर आहे. जूनमध्ये कॉलेज.

तुमच्यावर चिडायचं मी ठरवलं होतं. अजून जमलेलं नाही. गुडघा शेकताय ना? गटानं ठराव केलाय की नातेवाईकांना बंदी कायम, पण २ मार्चच्या रविवारी एका मामाला सूट. टोपी मात्र वत्सलाबाई द्यायला तयार नाहीत. म्हणतात, ती घातल्यापासून एक पाखरू फिरकलं नाही.

तुमची,
सायली


(सर्वात वर मामीचं : या वेळी कागदावर पहिली मीच लिहितेय, मग यांना काय लिहायचं ते लिहू दे. पोरी, तुझी चिठ्ठी देवापुढे ठेवावी असं वाटलं, पण ती तुझ्याकडे आहे, म्हणून तुझं पत्र ठेवलं. – चतुरामामी)

नामपूर
२२ फेब्रुवारी २०२५

चि. सोळा किलो हिला,

तुझ्या मामीनं पत्र मोठ्यानं वाचलं. शेजारी काळू होता, तो ऐकून हसला. मी नाही हसलो. मी गोठ्यात गेलो. तिथं काय केलं ते बैलांना ठाऊक.

तुझ्या आईचा फोन आला होता. सोललं तिनं मला, पार पांढरा होईपर्यंत. माझ्या हक्काचं होतं, ऐकून घेतलं.

२ मार्चला येतो. या वेळी पुढच्या रस्त्यानं, वत्सलाबाईंच्या बांधावरून, सगळ्यांना दिसेल असा. मनोजसाठी वेगळा डबा आणतोय, त्याला सांग की मेथी वाफ्यात राहू दे. आणि त्याला हेही सांग, मी झुडपाआडून बघायला लागलो की एकट्या भाचीकडे बघत नाही, सगळ्यांकडे बघतो. टोपी बुजगावण्याकडेच राहू दे. त्याला ती शोभते, आणि तिथं कोणीतरी आपलं उभं आहे असं तुला वाटेल.

बांधावर पोचलो की तिथूनच हाक मारीन, नेहमीच्या नावानं. ऐकू आली तर शेजाऱ्याला विचार हो, विचारायला लाजू नको. आणि मग, माय, या वेळी ओ दे.

तुझा,
मामा